दोनशे चौदावं घर

वहिनी माझ्या वर्कशॉपच्या पायऱ्या चढून आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. चार वर्षांत तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं. दादा आणि मी एकाच गल्लीत राहतो, मध्ये फक्त अकरा घरं. पण आमचं बोलणं 'काय रे' आणि 'काही नाही' एवढ्यावर आलेलं. त्यात वहिनीचे गुडघे दुखतात. ती दारात उभी राहून धापा टाकत होती, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"भाऊजी, तुम्हा दोघांचं काय असेल ते राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "आमचं घर पाडतायत."

मी हातातला चिमटा खाली ठेवला. मी मॉडेलं बनवतो, इमारतींची. त्या दिवशी एका हॉस्पिटलला खिडक्या चिकटवत होतो, चारशे वीस, सगळ्या एकसारख्या. हल्ली असलीच कामं येतात. हॉस्पिटल असो, हॉटेल असो, कॉलेज असो, काचेचा तोच खोका. पाटी बदलली की झालं.

"पाडतायत म्हणजे? कोण पाडतंय? काहीतरीच काय!"

"वाचा की तुम्हीच."

नगररचना खात्याची नोटीस होती. जुन्या वस्तीचं मूळ रूप परत आणायचं, असं ठरलं होतं. त्याचं काम परदेशातल्या कुठल्याशा नावाजलेल्या कंपनीला मिळालं होतं. दोनशे तेरा घरं जपायची, डागडुजी करायची, वायरी जमिनीखालून न्यायच्या. मी मनात म्हटलं, वा, देर आए... नाही, खरंच बरं वाटलं मला. मग पुढचं वाचलं. कोपऱ्यावरचं एक घर, म्हणजे दादाचं, 'नंतर झालेलं विसंगत बांधकाम' ठरलं होतं. ते काढून तिथे 'मूळचा वृक्ष आणि चौक' परत उभा करणार. बदल्यात दादाला गावाबाहेर फ्लॅट.

"मूळचा वृक्ष?" मी म्हणालो. "तिथे कुठे झाड होतं?"

"तेच तर! आमच्या सासूबाई त्या घरात लग्न होऊन आल्या. झाड कुठून आलं?" वहिनीने फाइलमधून एक गुळगुळीत पुस्तिका काढून माझ्यासमोर धरली. "हे बघा."

वर चित्र होतं. आमची गल्ली, स्वच्छ, सोनेरी उजेडात. कोपऱ्यावर भलंमोठं झाड, भोवती गोल कट्टा, कट्ट्यावर हसरी माणसं कॉफी पीत बसलेली. झाडाचं खोड डावीकडे कललेलं, बुंध्यापासून हातभर वर त्याला दोन फाटे, आणि उजवा फाटा जरा जास्तच जाड.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला समोरची वहिनी दिसेना.

ते झाड मी ओळखलं होतं. ते झाड मी केलं होतं. तांब्याच्या तारेचं खोड आणि भांडी घासायचा स्पंज, हिरव्या रंगात बुडवलेला.

"भाऊजी, काय झालं? पाणी देऊ का?"

"काही नाही. बसा तुम्ही."

"तुमची त्या लोकांत ऊठबस आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. हे यायला तयार नव्हते, मीच आले."

मी म्हटलं, बघतो. एवढंच म्हटलं मी. बघतो!

आता हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या गल्लीचं एक वैशिष्ट्य आहे आणि ते सांगताना माझी छाती अजूनही फुगते. इथल्या कोपऱ्यावरच्या प्रत्येक घराचा कोपरा तिरका कापलेला आहे. मालाच्या गाड्या वळाव्यात म्हणून जुन्या गवंड्यांनी ही युक्ती काढली, आणि मग त्या कापलेल्या भिंतीत तीन फळ्यांची उंच लाकडी खिडकी बसवायची, वर विटांची कमान, असं ठरूनच गेलं. दुसऱ्या गावात कुठे असलं काही नाही. मी हिंडलोय, मला माहीत आहे. संग्रहालयाच्या दालनात सगळ्या जुन्या वस्तीचं मॉडेल ठेवायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. दीड वर्ष मी दुसरं काही केलं नाही. एकेक घर टेप लावून मोजलं, विटांचे थर मोजले. लोक मला मिलिमीटर म्हणतात ते काही उगाच नाही.

काम संपायला महिना राहिला असताना दादाने आपल्या घराचं तोंड बदललं. दादा चावीवाला आहे. खाली चाव्या बनवायचं दुकान, वर घर. एका आठवड्यात त्याने लाकडी खिडकी उपटून ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली आणि विटांवर फरशी लावली. कसली फरशी? कुठल्याही देशातल्या कुठल्याही विमानतळाच्या संडासात जाऊन बघा, तीच. पिवळट, चकचकीत. आणि ती कापलेल्या कोपऱ्यावरसुद्धा!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर रस्त्यात उभा राहून मी ओरडलो, "सगळ्या गल्लीचं थोबाड बिघडवलंस! लाज वाटत नाही तुला?" तो शिडीवर होता. वरून म्हणाला, "अरे, घरात राहायचं असतं. नुसतं बघायचं नसतं." पुढचं मी ऐकलंच नाही. निघून आलो.

आणि मग मॉडेलमधल्या त्या कोपऱ्यावर गाडं अडलं. जुनी खिडकी दाखवावी तर खोटं. फरशी दाखवावी तर माझी दीड वर्षांची मेहनत वाया, सगळ्या गावासमोर शोभा. तीन दिवस नुसता धुमसत होतो. चौथ्या दिवशी मी त्या जागी झाड लावलं. झाड लावलं ते खोटं नव्हतं का? होतंच की. पण रागात माणसाची अक्कल कुठे ठिकाणावर असते! दोनशे चौदा घरांपैकी मी दोनशे तेरा केली आणि सख्ख्या भावाचं गाळलं. उद्घाटनाला मी त्याला बोलावलं नाही, म्हणून तो आला नाही. बाकी गाव आलं, वा वा करून गेलं. चार वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटायचं, मग गंमत वाटायला लागली, मग मी विसरूनच गेलो.

दुसऱ्या दिवशी मी नगररचना खात्यात गेलो. तिथल्या मुख्य बाई फार सभ्य निघाल्या. उठून उभ्या राहिल्या, स्वतः खुर्ची दिली.

"तुम्हीच का ते मॉडेलवाले? अहो, त्या कंपनीचे लोक तुमचं नाव घेत असतात."

"माझं? कशाला?"

"त्यांची माणसं स्कॅनर घेऊन गल्लीत आली होती. पण इतक्या वायरी, इतक्या ताडपत्र्या, यंत्राला धड काही दिसेना. मग त्यांनी तुमचं मॉडेल स्कॅन केलं. खात्री म्हणून सात ठिकाणी प्रत्यक्ष मोजलं. सातही ठिकाणी तंतोतंत! ते म्हणाले, इतकं विश्वासाचं काम आम्ही कुठल्याच देशात पाहिलं नाही. सगळा आराखडा त्यावरच उभा आहे."

हीच वेळ होती. बाई, त्या आठव्या ठिकाणी मी हरामखोरी केली आहे, एवढं एक वाक्य. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "धन्यवाद."

खरंच म्हणालो. अजून आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

"पण ते कोपऱ्यावरचं घर," मी कसंबसं म्हटलं, "जुनं आहे ते. कागद असतील ना?"

"मालकीचे कागद आहेत. पण ते बांधलं कधी, तोंडवळा कसा, हे त्यात कुठे असतं? घर मूळचं आहे का, हा प्रश्न आहे. ती फरशी, ती खिडकी! तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगायचं? तुमच्या मॉडेलमध्ये झाड आहे आणि जागेवर हे आहे. मग आधी काय होतं ते उघड आहे. गुरुवारी सुनावणी ठेवली आहे. तुम्ही या, तुमच्या शब्दाला वजन आहे."

बाहेर येऊन मी कितीतरी वेळ जिन्यावर बसून राहिलो. मग ठरवलं की घर करायचं. राहिलेलं दोनशे चौदावं घर, फरशीसकट, सरकत्या खिडकीसकट. ते घेऊन सुनावणीला जायचं आणि सांगून टाकायचं. त्यासाठी मोजमाप हवं होतं, आणि मोजायला दादाच्या घरी जायला हवं होतं.

दादाने मला टेप घेऊन दारात पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. आनंद झाला होता त्याला. हातातली अर्धी कापलेली चावी तशीच मशीनवर सोडून तो पुढे आला.

"ये ये. अगं, बारक्या आलाय! चहा टाक."

तो स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. लहानपणी भिंतीवर आमची उंची मोजायचा तसा, जीभ जराशी बाहेर काढून. तळमजला झाला. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. खिडकी मोजताना मी जरा जास्तच बारकाईने बघत होतो, म्हणून की काय, तो आपणहून म्हणाला, "तुला आवडली नाही, माहीत आहे मला. मला तरी कुठे आवडते? आईसाठी केली."

"आईसाठी?"

"या खोलीत होती ना ती. जुन्या खिडकीच्या फटींतून इतकी धूळ यायची की तिला श्वास घेता येईना. कापूस कोंबला, कागद लावले. शेवटी डॉक्टर म्हणाले, घट्ट बंद होणारी खिडकी लावा. आणि भिंत ओल धरायची, म्हणून फरशी. मिळाली ती लावली, निवडत बसायला वेळ कुठे होता?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो की शिडीवरून. तू थांबलास कुठे?"

आई होती तोवर तिला भेटायला मी जायचो. दादा खाली दुकानात असताना जायचो आणि त्या खिडकीकडे पाठ करून बसायचो. आई मला दोनदा म्हणाली होती, "आता बरं वाटतं रे या खोलीत." मला वाटलं, औषधाचा गुण.

मी तिथेच सांगायला हवं होतं. त्याऐवजी टेप गुंडाळत बसलो.

"तू काळजी नको करू," उलट तोच मला धीर देत होता! "मी काही सोडणार नाही. वकील म्हणतो शेवटपर्यंत जाऊ. या लांबच्या लोकांना काय कळतंय? एका झाडाच्या चित्रासाठी माणसाचं घर पुसायला निघालेत. आणि तू आहेस म्हटल्यावर मला कसली भीती?"

वहिनीने चहा आणला. मी तो उभ्यानेच घशाखाली ओतला आणि पळालो.

तीन दिवस लागले. सात सेंटीमीटर रुंद घर. आयुष्यात इतकं जीव लावून काही केलं नसेल मी. ती भिकार फरशी मी एकेक चौकोन कापून लावली.

गुरुवारी सकाळी सभागृह भरलेलं होतं. मंचावर बाई, शेजारी मोठा पडदा, पडद्यावर कंपनीचे मुख्य वास्तुविशारद, त्यांच्या देशातून बोलत होते. आमच्या भाषेत सांगायला एक दुभाषी मुलगी. दादा आणि वहिनी पहिल्या रांगेत, दादाने इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी मागे, मांडीवर पुठ्ठ्याचा डबा.

पडद्यावरचे गृहस्थ अगदी तळमळीने बोलले. सगळी शहरं एकसारखी होत चालली आहेत, तुमच्या वस्तीकडे तिचं स्वतःचं असं काही आहे, ते परत द्यायला आम्ही आलो आहोत. आणि त्या सगळ्याचं हृदय म्हणजे हा वृक्ष. माणूस लबाड नव्हता हो. डोळे भरून आले होते त्याचे. माझ्या स्पंजसाठी!

मग बाईंनी विचारलं, गल्लीतल्या कुणाला काही सांगायचंय का? मला वाटलं, आता सगळे उठतील, म्हणतील की अहो, झाड कसलं? सत्तर-सत्तर वर्षांची माणसं बसली होती तिथे.

आमचे शाळामास्तर उठले. निवृत्त, ऐंशीच्या घरात, अख्ख्या गल्लीला त्यांनी शिकवलंय. काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, "त्या झाडाखाली आम्ही गोट्या खेळायचो."

मला वाटलं, माझ्या कानांत काही बिघाड झाला.

"दाट सावली असायची," मास्तर सांगत होते. "मोठं वादळ झालं त्या वर्षी गेलं बहुतेक."

"वादळात नाही, कापलं," मागून पेंटरकाका ओरडले. "माझ्या वडिलांनी त्याचा फळा करून घेतला होता पाट्या रंगवायला!"

"फुलं यायची त्याला," एक बाई म्हणाली. "पिवळी."

"पांढरी हो."

फुलांच्या रंगावरून वाद सुरू झाला. मी आ वासून बघत होतो. ही माणसं खोटं बोलत नव्हती. शपथेवर सांगतो, त्यांना आठवत होतं. चार वर्षं संग्रहालयात पाहुण्यांना नेऊन ते झाड दाखवत होते, ते त्यांच्या डोक्यात रुजलं होतं. दादा मान वळवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ज्यांच्या कुलपांना त्याने जन्मभर चाव्या करून दिल्या, ती माणसं त्याच्या घराच्या जागी झाड बघत होती. मग मी त्याला स्वतःच्या बायकोच्या कानाशी लागताना पाहिलं. ओठांवरून कळलं मला. तो विचारत होता, "होतं का गं झाड?"

तेव्हा मात्र मी उठलो. कसा उठलो, ठाऊक नाही. मंचापाशी गेलो, डबा उघडून घर बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"झाड नव्हतं. कधीच नव्हतं. ते मी चिकटवलंय. भांडी घासायच्या स्पंजचं आहे."

सभागृह हसलं. मास्तर मायेने म्हणाले, "भावासाठी जीव तुटतोय पोराचा. बस रे बस, समजतो आम्ही."

"मास्तर, उजवा फाटा जाड का आहे सांगू? तिथे तार तुटली होती, मी दुसरी गुंडाळली! चला संग्रहालयात, उपटून दाखवतो!"

हसू थांबलं. दुभाषी मुलगी पडद्याकडे तोंड करून भराभरा बोलत होती. तिकडे त्या गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

"तुम्ही मुद्दाम घर गाळलंत? सरकारी मॉडेलमधून?"

"हो."

"का?"

दादा माझ्यापासून चार पावलांवर होता. मी त्याच्याकडे न बघता बोललो. "मला ते घर गल्लीत नको होतं. लाज वाटायची मला त्याची."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पडद्याशी दोन वाक्यं बोलल्या. मग दादाकडे वळल्या, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. "हे नोंदीत घेते मी. म्हणजे आराखड्याचा पायाच चुकला. तुमचा आक्षेप आता शंभर टक्के टिकतो. फक्त इथे सही करा, 'आक्षेप कायम'. दुसरा कागद संमतीचा आहे, तो सोडून द्या."

घर वाचलं! दादा चार शिव्या देईल, दोन वर्षं तोंड बघणार नाही, पण घर वाचलं.

दादा वहिनीला हात देत मंचावर, टेबलाशी आला. आधी त्याने ते छोटं घर उचललं, फिरवून पाहिलं. कोपऱ्यावरच्या खिडकीवरून अंगठा फिरवला.

"सरकते का?" त्याने मला विचारलं.

"सरकते."

त्याने नखाने ती उघडली, बंद केली. "चांगली जमलीय," म्हणाला आणि घर होतं तिथे ठेवलं. मग पेन घेतलं, संमतीचा कागद पुढे ओढला आणि सही केली.

"अहो, चुकीचा कागद!" बाई म्हणाल्या.

"नाही. बरोबर आहे." त्याने पेन वहिनीकडे दिलं, कारण घर दोघांच्या नावावर होतं. मला वाटलं, ती तरी अडवेल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सही केली, पेनाला टोपण लावलं.

"दादा!" मी ओरडलो. "वेडा झालास का? मी सगळं सांगितलं ना! घर वाचलं होतं!"

"सांगितलंस. बरं केलंस."

"मग का? माझी चूक आहे, मला मार, पण घर कशाला देतोस?"

तो शांत होता, तेच मला सहन होईना. वहिनीचा दंड धरून तो मंचाच्या पायऱ्यांपर्यंत गेला. तिचे गुडघे बघत एकेक पायरी उतरला. खाली पोचल्यावर वळला.

"मला वाटलं होतं, लांबच्या लोकांनी पुसलं आम्हाला, त्यांना माहीतच नाही आम्ही इथे राहतो ते," तो म्हणाला. "तुला तर माहीत होतं रे."